चरित्रपटातला चेहरा कुठून बघायचा

डिचोलीजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं आहे: "वर्षातून दोन-तीनदा मी मुलांना चरित्रपट दाखवते. संपला की एक तर 'हा नट त्यांच्यासारखा दिसतच नाही' अशी तक्रार, नाही तर 'हुबेहूब दिसतो, म्हणून पिक्चर भारी' अशी दाद. त्यापुढे गाडी सरकत नाही. कॅमेऱ्याबद्दल तर मलाच 'छान होता' याच्यापलीकडे बोलता येत नाही. पात्रनिवड आणि दृश्यं यांकडे बघायला मुलांना कसं शिकवू?"

बाई, मी रंगभूषाकार. फोंड्याकडचा. सुरुवात जत्रेतल्या नाटकांच्या रंगपटात झाली, पुढे चित्रपटांच्या आणि मालिकांच्या युनिटांबरोबर हिंडलो. तीस वर्षं होऊन गेली, एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा चढवायचं काम करतोय. त्यामुळे तुमच्या मुलांची तक्रार माझ्या रोजच्या ऐकण्यातली आहे. ती खोटी नाही, अर्धी आहे. उरलेली अर्धी कशी भरून काढायची ते मला जमेल तसं सांगतो.

जत्रेपासूनच सुरू करतो, कारण ती तुमच्या मुलांनीही बघितलेली असणार. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, देवळाची जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच, आणि त्यात ऐतिहासिक नाटकाला मान जास्त. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गावात संभाजीच्या कामाला प्राथमिक शाळेतले मास्तर उभे होते. अंगाने किरकोळ, खांदे पडलेले, आवाज मात्र खणखणीत. देवळाच्या अग्रशाळेत एका ट्यूबलाइटखाली मी त्यांना खुर्चीत बसवलं. बेस लावला, भुवया ओढल्या, कल्ले चिकटवले, कपाळावर शिवगंध रेखलं. तोवर ते मास्तरच होते, मध्येच दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपटाची आठवण काढत होते. मग जिरेटोप बसला. मी हातात आरसा दिला. त्यांनी मान उचलली, आणि त्या मानेबरोबर खांदे मागे गेले, छाती भरली. खुर्चीतून उठून विंगेकडे गेले ते वेगळ्याच चालीने. समोर अगदी पुढे त्यांच्या वर्गातली पोरं मांडी घालून बसली होती. मास्तर रंगमंचावर आले तेव्हा त्यांतल्या एकाच्याही तोंडून 'सर' निघालं नाही.

संभाजीराजांचा फोटो कुणीच पाहिलेला नाही, त्या काळी फोटो नव्हतेच. मग पोरांनी ओळखलं काय? मान ओळखली, चाल ओळखली. तेव्हापासून लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेचं रूप अजमावून बघायला, नट आला की मी त्याला आधी खोलीभर चालायला लावतो आणि मग खुर्चीत बसवतो. नाक मला बनवता येतं, चाल बनवता येत नाही.

चरित्रपटाची पात्रनिवड म्हणजे त्या माणसातलं नेमकं काय धरायचं याचा निर्णय. सगळं कुणालाच धरता येत नाही. कुणी आवाज धरतं, कुणी डोळे, कुणी अंगातला संकोच, कुणी घराण्याचं रक्त. मुलांना 'सारखा दिसतो का' हा प्रश्न विचारू द्या, पण त्याच्या पाठोपाठ 'यांनी काय धरलंय आणि काय सोडून दिलंय' हा प्रश्न ठेवा. तुमचा अर्धा तास तिथेच भरेल.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम', दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. तुकोबा सतराव्या शतकातले, चेहरा ताडून बघायची सोय नाही. त्यांनी निवडले विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नाव मिळवलेले नट. संतासाठी स्त्रीपार्टी नट, हे आज ऐकायला विचित्र वाटेल. पण पागनीसांचे हात बघा. बोलताना ते हात पुढे येत नाहीत, अंगाशी राहतात. मान किंचित कललेली, नजर समोरच्या माणसाच्या थोडी पलीकडे. स्त्रीभूमिकांनी त्यांच्या अंगात जे मार्दव मुरवलं होतं, तेच इथे भक्ताचं मार्दव होऊन आलं, असं मला नेहमी वाटतं. आणि त्यांच्या समोर जिजाई म्हणून कोण, तर गौरी. ही बाई प्रभातमध्ये आधी झाडलोटीच्या कामाला होती. तिचा आवाज, कंबरेवरचा हात, पदर खोचायची रीत, यातलं काहीही तालमीत शिकवलेलं वाटत नाही. आजारी पोरासाठी ती चप्पल घेऊन थेट विठोबापुढे जाते, तो प्रसंग मुलांना दाखवाच. तो राग कष्ट केलेल्या शरीरातून येतो.

आता एकाच चौकटीत दोघांना बघा. एक असा की त्याचे पाय जमिनीला टेकलेत की नाहीत याची शंका यावी, आणि दुसरी पायाला माती लागलेली. शेवटी विमान वर जातं आणि ती खाली राहते. ट्रिक फोटोग्राफी आजच्या मुलांना साधी वाटेल, पण त्या शॉटची तयारी पात्रनिवडीतच झालेली आहे. तो चालणार वर आणि ही राहणार खाली हे आपल्याला पहिल्या पंधरा मिनिटांतच अंगातून कळलेलं असतं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला. त्याहून मोठी गोष्ट घरोघरच्या भिंतींवर झाली: तुकोबांची म्हणून लोकांनी जी तसबीर मनात धरली, तिच्यात पागनीसांचा चेहरा येऊन बसला. नट माणसासारखा दिसतो का हा प्रश्न इथे उलटाच झाला, माणूसच नटासारखा दिसू लागला.

फोटो उपलब्ध असले की मात्र आमची परीक्षा असते. यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. सुबोध भावे यांचे तीन चित्रपट घ्या: 'बालगंधर्व' २०११चा, 'लोकमान्य' २०१५चा आणि 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' २०१८चा. तिन्हींतली एकेक स्थिर चौकट शेजारी-शेजारी ठेवा. हाडं तीच. गालाचं हाड, कपाळाची रुंदी, दोन डोळ्यांमधलं अंतर यांतलं काहीही रंगभूषेने हलत नाही. मग तीन वेगळी माणसं दिसतात कशी? मुलांना शोधू द्या. कुणी म्हणेल मिशी, कुणी म्हणेल पगडी, आणि एखादी हुशार मुलगी म्हणेल की ओठ मिटायची पद्धत वेगळी आहे. तिला शाबासकी द्या, कारण आम्ही कारागीर तिथेच बघत असतो. टिळकांच्या मिशीखालचा मिटलेला ओठ आणि नारायणरावांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, हसऱ्या कडांचा ओठ, या दोन ओठांत दोन स्वभाव आहेत.

'बालगंधर्व'मधली रंगभूषा विक्रम गायकवाड यांची. त्या कामाची अवघड बाजू सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. तिथे रंगभूषा दोन थरांची आहे. आजच्या नटाला नारायण राजहंस करायचं हा पहिला थर. त्या नारायणरावांनी त्या काळच्या पद्धतीने स्वतःला भामिनी किंवा सिंधू केलेलं आहे, हा दुसरा. पहिला थर दिसता कामा नये, दुसरा दिसलाच पाहिजे, तोही गॅसबत्तीच्या काळातल्या रंगपटाला शोभेल इतकाच. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली आणि तरी नारायणराव उभे राहिले, ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. असा प्रसंग पडद्यावर आला की संवाद ऐकू नका, रंगवलेल्या चेहऱ्याच्या आत न रंगवलेला चेहरा कुठे हलतो तेवढंच बघा. वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना त्या चित्रपटाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. शालू नेसलेला पुरुष आणि शालू नेसलेली बाई यांच्या निऱ्या वेगळ्या पडतात. बालगंधर्वांच्या निऱ्या बाईसारख्या पडायच्या, अशी त्यांची ख्याती. ते कापडातून दाखवावं लागतं.

आणि तिथे एका माणसासाठी दोन माणसं निवडली आहेत, हेही मुलांना सांगा. शरीर भाव्यांचं, गळा आनंद भाटे यांचा. भाटे यांनाही त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गायकाच्या चरित्रपटात गळा कुणाचा हा पात्रनिवडीचाच भाग असतो, आणि त्यावर कॅमेरा कुठे उभा राहणार हे ठरतं. नट दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत असेल तर ओठ जुळवता येतात, पण तान घेताना गळ्याची शीर फुगते, हनुवटी थरथरते, श्वास घ्यायला खांदा किंचित उचलतो, हे जुळवणं फार कठीण. मग जाणता कॅमेरामन काय करतो? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधी तो तबल्यावर जातो, किंवा मागून घेतो, किंवा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जातो. त्यात फसवणूक नाही, ती कारागिरी आहे. पण एकदा हे कळलं की गाण्याचा प्रसंग तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी बघता.

त्याच्या शेजारी 'मी वसंतराव' ठेवा, २०२२चा, निपुण धर्माधिकारी यांचा. वसंतराव देशपांड्यांची भूमिका त्यांचेच नातू राहुल देशपांडे यांनी केली, गायलेही तेच. इथे कॅमेऱ्याला गळ्यापासून पळायची गरज उरत नाही, तो तिथेच थांबू शकतो. नात्यामुळे चेहरा जुळतो म्हणून ही निवड चांगली, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. नातू आजोबांसारखा दिसायलाच हवा असं कुठे आहे? या निवडीचं बळ वेगळीकडे आहे. तान घेताना वसंतराव जो धोका पत्करायचे, पडतो की काय असं वाटायला लावून समेवर यायचे, तो धोका पडद्यावर खरोखर घेतला जातोय हे आपल्या कानांना कळतं. गोमंतकीय म्हणून आपल्याला यात आणखी एक धागा आहे. वसंतरावांवर ज्यांच्या गाण्याचा ठसा होता ते मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे. खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतरावांना घरोघर पोचवलं त्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकाचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं, तेही मंगेशीचेच. मुलांना हे सांगितलंत तर चित्रपट त्यांच्या दाराशी येईल.

घाणेकरांच्या चित्रपटाची अडचण निराळी. ते १९८६ साली गेले, म्हणजे त्यांना रंगमंचावर बघितलेली माणसं थिएटरात शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. घारे डोळे, एंट्रीची टाळी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर. शिवाय त्यात डॉ. लागू, पणशीकर, सुलोचनादीदी, भालजी पेंढारकर अशी सगळ्यांच्या ओळखीची माणसं नटांनी उभी केलेली. अशा वेळी नकलेचा मोह भयंकर असतो. नक्कल आणि भूमिका यांतला फरक मुलांना असा समजावता येईल: नकलेत लकब आली की माणूस संपतो, भूमिकेत ती लकब कुठल्या गरजेतून आली ते दिसतं. केस मागे सारायची सवय ही नक्कल. आरशात स्वतःकडे बघताना, टाळी कमी झालेल्या दिवशी, तोच हात केसांकडे जाऊन अर्ध्यावर थांबला तर भूमिका. आता कुठल्याही चरित्रपटात मुलांना हे शोधायला लावा.

नटाबरोबर त्याचं सामानही येतं, हा मुद्दा राहून जाऊ नये. ओळखीचा तारा असेल तर त्याच्या जुन्या भूमिका दारातून त्याच्या मागोमाग आत येतात. जब्बार पटेलांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'साठी मल्याळम चित्रपटांतले मामुट्टी घेतले. बाबासाहेबांचा चेहरा गल्लोगल्ली, पुतळ्यांत, घराघरांतल्या फोटोंत. इतक्या ओळखीच्या चेहऱ्यावर मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा नट बसवला असता तर दोन ओळखी एकमेकींवर आदळल्या असत्या. मामुट्टींच्या जुन्या भूमिका आपल्याकडे फारशा कुणाला माहीत नव्हत्या, आणि ते मुळात वकिली केलेले गृहस्थ. मुद्दा मांडताना समोरच्याला पुरतं बोलू द्यायचं आणि मग शांतपणे उत्तर द्यायचं, ही कोर्टातली सवय अंगात असावी लागते. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता कॅमेरा. तुम्ही म्हणता 'छान होता' याच्यापलीकडे जाता येत नाही. मी कॅमेरामन नाही, पण तीस वर्षं त्याच्या कोपराशी उभा आहे, कारण आमचं काम तो पास करतो, आरसा नाही. आरशात हुबेहूब दिसणारा चेहरा लेन्समधून दुसराच होतो. रुंद लेन्स घेऊन जवळ गेलं की नाक पुढे येतं, कान मागे जातात. लांबच्या लेन्सने तोच चेहरा चपटा, शांत, फोटोसारखा दिसतो. म्हणून साम्य हे साधारण एका अंतरावरून आणि एका कोनातूनच टिकतं. बहुतेक वेळा समोरून थोडं तिरपं. चरित्रपटात नायकाची पहिली एंट्री पाठीमागून, सावलीतून, किंवा काठी, पगडी, चपला यांच्यापासून का सुरू होते याचं कारण इथे आहे. आकृती आधी ओळखू दिली की मन कबूल होतं, आणि मग चेहरा आला की ते वाद घालत नाही. पहिली एंट्री थांबवून मुलांना विचारा: चेहरा दिसायच्या आधी तुम्ही माणूस कशावरून ओळखला?

अॅटनबरोंचा १९८२चा 'गांधी' या बाबतीत धडा आहे. बेन किंग्जलींचं काम सगळे वाखाणतात, मी कपड्यांकडे बघायला सांगतो. भानू अथय्या, आपल्या कोल्हापूरच्या, यांना त्यासाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. दक्षिण आफ्रिकेतला सूट-बूट घातलेला बॅरिस्टर, आणि मग आयुष्य पुढे सरकेल तसं अंगावरचं कापड कमी होत जातं, शेवटी पंचा. एक शब्द न बोलता एका माणसाचा प्रवास कापडाने सांगितला आहे. अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ला, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहतिसाव्या वर्षदिनी घेतलं, सुमारे तीन लाख माणसं जमली होती. ज्या माणसाचं कापड घटत गेलं त्याच्याभोवतीची गर्दी वाढत गेली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते मुलं स्वतःच सांगतील.

उजेडाबद्दल मी जरा हट्टी आहे. जुन्या काळावरच्या आपल्या बऱ्याच चित्रपटांत वाडा खरा, नऊवारी खरी, पितळी तांब्या खरा, आणि उजेड मात्र आजच्या दिवाणखान्यातला. समई लावलेली आहे पण माणसाच्या कपाळावर उजेड वरून पडतोय. समईचा उजेड खालून येतो, हनुवटीखाली लागतो, डोळ्यांच्या खोबणीत हलतो. कंदील हातात असेल तर एक गाल उजळ आणि दुसरा अंधारात. मुलांना प्रत्येक प्रसंगात एकच विचारा, उजेड कुठून येतोय? याचं उत्तर मिळालं की काळ खरा की खोटा ते कळतं, आणि पुष्कळदा माणसाची परिस्थितीही कळते.

एक अनुभव सांगतो. एका समाजसेवकाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाचं काम सासष्टीतल्या एका जुन्या घरात चाललं होतं. नायकाला विग होता. विगच्या कडेला जाळीची बारीक लेस असते, ती कपाळाला स्पिरिट गमने चिकटवतात. एप्रिल महिना, घामाने गम सुटायचा, आणि आजच्या कॅमेऱ्यांना सुईच्या टोकाएवढं सगळं दिसतं. मॉनिटरवर कपाळावर एक रेघ चमकत होती. मी तीनदा पुन्हा चिकटवलं, रेघ जाईना. कॅमेरामनने दिवा बंद केला आणि नायकाला खुर्चीसकट खिडकीशी नेलं. त्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती, आपल्या जुन्या घरांना असतात तशी. शिंपल्यातून येणारा उजेड दुधासारखा, त्याला कड नसते. रेघ विरघळून गेली. पण त्याहून मोठी गोष्ट घडली. तोपर्यंत पोस्टरवरच्या पुढाऱ्यासारखा दिसणारा तो माणूस एकदम घरातला झाला, पत्नी गेल्यानंतर दुपारी एकटा बसलेला. प्रसंग तसाच होता. आम्ही तो दोन दिवस चुकीच्या उजेडात करत होतो.

आणि एक चूक, माझी. दुसऱ्या एका कामात नटाला सत्तरीचा करायचा होता. चेहऱ्याची कातडी बोटांनी ताणून धरायची, पातळ लेटेक्स स्पंजने टिपायचं, ड्रायरने सुकवायचं आणि कातडी सोडायची, की सुरकुत्या आपोआप उमटतात. दोन तास खपून मी चेहरा आणि मान केली. शॉट होता पत्र लिहिण्याचा. कॅमेरा चेहऱ्यावरून खाली हातावर आला, आणि हात तिशीतले, गुळगुळीत. सेटवर कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही. संकलनात सापडलं तेव्हा पुन्हा चित्रण करायची सोय नव्हती, तो प्रसंग अर्धा कापावा लागला. तेव्हापासून म्हातारा नायक दिसला की माझी नजर आधी हाताच्या मागच्या बाजूला, मग कानाच्या पाळीला जाते. मुलांनाही तिथे बघायला सांगा. जिथे हातही म्हातारे झालेले दिसतील, तिथे कुणीतरी त्या माणसाचा पूर्ण विचार केलाय असं समजायचं. वय बदलताना काही जण नटच बदलतात. मांजरेकरांच्या 'भाई'मध्ये तरुण पुलं सागर देशमुख आणि उतारवयातले विजय केंकरे. यात बरं-वाईट असं काही नसतं, फक्त दोन नटांत पुढे जाणारी एखादी खूण आहे का, एवढं तपासायचं.

रंगाबद्दल दोनच चित्रपट सांगतो. 'भूमिका', १९७७, श्याम बेनेगल. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला, कॅमेरा गोविंद निहलानींचा, मुख्य भूमिका स्मिता पाटील. त्यात बालपणाच्या आठवणी काळ्या-पांढऱ्या येतात आणि वर्तमान रंगीत. उलट २०२३च्या 'ओपनहायमर'मध्ये काळा-पांढरा म्हणजे भूतकाळ नव्हेच, तिथे नायकाच्या डोळ्यांनी दिसतं ते रंगीत आणि त्याच्या विरोधकाच्या बाजूने दिसतं ते काळं-पांढरं. त्यासाठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची काळी-पांढरी फिल्म खास तयार करून दिली. तुमच्या मुलांनी दुसरा बघितलेला असेल, पहिला तुम्ही दाखवा. रंग गेला म्हणजे जुना काळ, हे गणित पक्कं नाही, प्रत्येक चित्रपट ते स्वतःपुरतं मांडतो, हे एका तासात कळेल.

स्मिता पाटील यांच्या बाबतीत मला आणखी एक जाणवतं. हंसाबाईंचं नाव चित्रपटात नाही, नायिका उषा आहे, पडद्यावरची उर्वशी. नाव सोडलं म्हणून फोटोशी ताडून बघायचं ओझंही गेलं, आणि कॅमेरा निर्धास्तपणे तिच्या चेहऱ्याजवळ जाऊ शकला. मराठीतल्या कुठल्याही हुबेहूब रंगभूषेपेक्षा तो चेहरा मला जास्त खरा वाटतो. हे रंगभूषाकार सांगतोय, हे ध्यानात घ्या.

वर्गात काय करायचं, तर फोटो आधी दाखवू नका. चित्रपट संपल्यावर दाखवा, दुसऱ्या दिवशी दाखवलात तर उत्तम. शेवटी श्रेयनामावलीत खरे फोटो टाकायची जी रीत पडली आहे ती मला आवडत नाही. दोन तास जे मन चाल आणि नजर बघत होतं त्याला पुन्हा नाक मोजायला बसवतात. तिथे थोडं आधी थांबवा. मधली पाच मिनिटं आवाज बंद करून दाखवा. कॅमेरा कधी नायकाच्या डोळ्यांच्या वर आहे, कधी खाली, कधी दाराबाहेर राहिलाय, हे आवाज नसताना लगेच दिसतं. मुलांनी फक्त तेवढं वहीत टिपावं, आणि मग त्याच जागी कॅमेरा का ठेवला असेल ते सांगावं. उत्तर चुकलं तरी चालेल, बघणं चुकायला नको.

आणि एक काम देऊन बघा, आपल्या मातीतलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांवर चित्रपट काढायचा आहे. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पाया आणि पायऱ्या वर येतात. किंवा गायिका केसरबाई केरकरांवर, ज्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली आणि ज्यांनी हयातीत ध्वनिमुद्रणं मोजकीच होऊ दिली. कुणाला घ्याल? चेहरा बघून की गळा ऐकून? पहिला शॉट कुठे? पाण्यात बुडालेल्या गावाचं बालपण कुठल्या रंगात दाखवाल? मुलं चारचार जणांचे गट करून भांडू देत.

तो तास ठरला की मला कळवा. डिचोली काही लांब नाही. विगची लेस, लेटेक्सची बाटली आणि एक जिरेटोप घेऊन मी येतो. त्यांच्यातल्याच एखाद्याला खुर्चीत बसवू, आणि बाकीच्यांनी त्याच्या मानेकडे बघायचं.